वेब ॲप ऑफलाइन उघडते, पण अपडेटचे काय? (बिल्ड प्लगिन आणि सर्व्हिस वर्कर)

उंबरठा
वीट या बिल्ड टूलवर (कोडपासून ब्राउझरला द्यायच्या फाइल बनवणाऱ्या साधनावर) बांधलेले एक सिंगल पेज ॲप आहे, म्हणजे एकच पान लोड होते आणि आतले पडदे जेएस बदलते. फिरतीवरची माणसे त्यात पाहणीचे फॉर्म भरतात, तेही बहुतेक वेळा रेंज नसलेल्या जागी. म्हणून वीटचे पीडब्ल्यूए (फोनवरच्या ॲपसारखे ऑफलाइनही चालणारे वेब ॲप) प्लगिन लावले. ते सर्व्हिस वर्कर तयार करते, म्हणजे पान आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसून फाइल साठवणारी आणि देणारी स्क्रिप्ट. रजिस्टरटाइप (अपडेट कसे लागू करायचे तो पर्याय) ‘ऑटोअपडेट’, वर्करची नोंदणी प्लगिनच्या व्हर्च्युअल मॉड्यूलमधून (प्लगिनने पुरवलेल्या तयार कोडमधून), मॅनिफेस्टमध्ये (ॲपची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये) नाव आणि १९२ व ५१२ पिक्सेलचे आयकॉन, बाकी सगळे डीफॉल्ट. नेट बंद करून ॲप उघडते. पण चार ठिकाणी अडले आहे:

१. ऑफलाइन असताना फॉन्ट आणि एसव्हीजी चित्रे दिसत नाहीत.
२. दिवसभर उघड्या असलेल्या टॅबमध्ये नवी आवृत्ती येतच नाही. आणि येते तेव्हा फॉर्म अर्धा भरलेला असताना पान आपोआप रीलोड होते.
३. लॉगिन सेवेकडून परत येणारा पत्ता सर्व्हरपर्यंत जात नाही, त्याऐवजी ॲपचेच पान उघडते.
४. ऑफलाइन भरलेला फॉर्म नंतर पाठवायचा कसा? प्लगिनमध्येच सोय आहे का?

जाणकारांनी कृपया सांगावे.

टाकसाळ
पहिल्याचे उत्तर सोपे आहे. प्लगिन आतून वर्कबॉक्स ही सर्व्हिस वर्करची लायब्ररी वापरते आणि प्रीकॅशमध्ये (वर्कर इन्स्टॉल होतानाच भरायच्या साठ्यात) कोणत्या फाइल घ्यायच्या ते ‘ग्लोबपॅटर्न्स’वरून ठरते. डीफॉल्टमध्ये फक्त जेएस, सीएसएस आणि एचटीएमएल आहेत. वर्कबॉक्सच्या पर्यायांत ग्लोबपॅटर्न्स देऊन एसव्हीजी, पीएनजी, आयसीओ आणि वॉफ२ (फॉन्टची फाइल) जोडा. मात्र तुमची यादी डीफॉल्ट यादीत मिसळली जात नाही, तिच्या जागी बसते. म्हणून जेएस, सीएसएस, एचटीएमएल पुन्हा लिहावेच लागतात. ते विसरलात तर चित्रे ऑफलाइन दिसतील आणि ॲप उघडणार नाही.

गोगलगाय
फॉन्ट दुसऱ्या डोमेनवरून येत असतील तर ग्लोबपॅटर्न्सचा काही उपयोग नाही. प्रीकॅशची यादी बिल्डच्या आउटपुट फोल्डरमधूनच बनते. सर्वांत सरळ उपाय म्हणजे वॉफ२ फाइल आपल्याच प्रकल्पात ठेवणे.

टाकसाळ
@गोगलगाय, बरोबर. तरीही बाहेरूनच आणायचे असतील तर रनटाइमकॅशिंगमध्ये (ॲप वापरताना मागवलेल्या गोष्टी साठवण्याच्या नियमांत) वेगळा नियम लागेल, आणि तिथे दोन खड्डे आहेत. पहिला: पत्ता रेगेक्सने (मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या सूत्राने) ओळखत असाल तर दुसऱ्या डोमेनसाठी तो पूर्ण पत्त्याच्या सुरुवातीपासून जुळावा लागतो. मधला तुकडा जुळला तर वर्कबॉक्स तो मोजत नाही. दुसरा: क्रॉसओरिजिन ॲट्रिब्यूट नसेल तर उत्तर अपारदर्शक येते, म्हणजे स्टेटस ० असते आणि आत काय आहे ते कोडला कळत नाही. साठवण्याच्या धोरणांपैकी ‘कॅशफर्स्ट’ (आधी कॅश, मग नेटवर्क) असे उत्तर डीफॉल्टने साठवत नाही, ‘स्टेलव्हाइलरीव्हॅलिडेट’ (कॅशमधले लगेच देऊन मागून ताजे आणणारे) आणि ‘नेटवर्कफर्स्ट’ (आधी नेटवर्क, मग कॅश) साठवतात. आणि क्रोममध्ये असे प्रत्येक साठवलेले उत्तर साइटच्या साठवणुकीच्या कोट्यातले किमान सुमारे ७ एमबी खाते, फाइल मुळात ५ केबीची असली तरी. पन्नास लहान चित्रे अशी साठवली की ३५० एमबी हिशेबात धरले जातात.

फांदी
वाचनखूण साठवली. ७ एमबीचे माहीत नव्हते.

सूतगिरणी
तिसरा प्रश्न नॅव्हिगेटफॉलबॅकचा आहे. प्लगिन डीफॉल्टने प्रत्येक नॅव्हिगेशन (पान उघडण्याच्या) विनंतीला प्रीकॅशमधले इंडेक्स.एचटीएमएल देते. सिंगल पेज ॲपच्या राउटरला तेच हवे असते. पण लॉगिनचा परतीचा पत्ता, पीडीएफ डाउनलोडची लिंक, ॲडमिनचे वेगळे पान हीसुद्धा ब्राउझरच्या दृष्टीने नॅव्हिगेशनच. सर्व्हिस वर्कर मध्येच उभा राहून सगळ्यांना तेच पान देतो.

उपाय: ‘नॅव्हिगेटफॉलबॅकडिनायलिस्ट’मध्ये (यातून वगळायच्या पत्त्यांच्या यादीत) त्या मार्गांचे रेगेक्स द्या. हा रेगेक्स पाथ आणि क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हापासूनचा भाग) जोडून तपासला जातो. परतीच्या पत्त्याला लॉगिन सेवा कोड आणि स्टेट असे पॅरामीटर लावते, त्यामुळे रेगेक्सच्या शेवटी डॉलर चिन्ह (‘पत्ता इथेच संपला पाहिजे’ ही अट) लावून ठेवले असेल तर तो जुळत नाही. बऱ्याच जणांची डिनायलिस्ट ‘चालत नाही’ ती याच कारणाने.

निरंक
दुसऱ्या प्रश्नावर माझे स्पष्ट मत: फॉर्मच्या ॲपला ऑटोअपडेट लावूच नये. ‘प्रॉम्प्ट’ ठेवा. प्लगिनचा डीफॉल्टही तोच आहे.

ऑटोअपडेटमध्ये स्किपवेटिंग आणि क्लायंट्सक्लेम दोन्ही चालू होतात. नवा वर्कर इन्स्टॉल होताच जुन्याला बाजूला सारतो, उघड्या टॅबचा ताबा घेतो आणि व्हर्च्युअल मॉड्यूल पान रीलोड करते. पानावर काय अर्धवट आहे ते त्याला कळण्याचा मार्गच नाही. प्रॉम्प्टमध्ये नवा वर्कर ‘वेटिंग’ अवस्थेत थांबतो, ऑननीडरिफ्रेश हा कॉलबॅक येतो, तिथे तुम्ही ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी पट्टी दाखवायची. माणसाने बटण दाबले की अपडेटचे फंक्शन बोलवायचे.

दिवटी
@निरंक, असहमत. पट्टी दाखवली की लोक ती बंद करतात आणि जुनीच आवृत्ती महिनोन्‌महिने वापरतात. मग सर्व्हरवर एपीआयच्या चार-चार पिढ्या सांभाळत बसा. ऑटोअपडेट ठेवून फॉर्मचा मसुदा दर बदलागणिक इंडेक्स्डडीबीमध्ये (ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये) लिहिला तर रीलोड झाल्यावर तो जसाच्या तसा परत मिळतो. मसुदा तसाही साठवायलाच हवा. फोनची बॅटरी संपते, ब्राउझर मेमरीसाठी टॅब मारून टाकतो. तिथे प्रॉम्प्ट कामाला येत नाही.

निरंक
मसुदा हवाच, त्यावर वाद नाही. पण रीलोडने फक्त मजकूर जातो असे नाही. फोटो अपलोड अर्ध्यात असतो, कॅमेरा उघडा असतो, जीपीएसचे वाचन चालू असते. शिवाय लेझी लोड होणाऱ्या (गरज पडल्यावरच आणल्या जाणाऱ्या) चंकचा, म्हणजे कोडच्या तुकड्याचा, प्रश्न वेगळाच. नवा वर्कर सक्रिय होताना प्रीकॅशमधल्या जुन्या फाइल पुसतो. पान रीलोड झाले नाही, किंवा व्हायच्या आत त्याने जुन्या हॅशचा (फाइलच्या नावातल्या, मजकुरावरून बनलेल्या खुणेचा) चंक मागितला, तर तो ना कॅशमध्ये असतो ना सर्व्हरवर. डायनॅमिक इम्पोर्ट तिथेच कोसळतो.

कळसूत्र
चंकच्या बाबतीत सर्व्हरची बाजूही पाहा. इंजिनएक्स या वेब सर्व्हरला ‘फाइल नसेल तर इंडेक्स.एचटीएमएल द्या’ असे सरसकट सांगितलेले असते. मग हरवलेल्या जेएस फाइलच्या पत्त्यावर ४०४ ऐवजी स्टेटस २०० सकट एचटीएमएल येते, आणि कन्सोलमध्ये माइम टाइपची (फाइलच्या प्रकाराची) तक्रार दिसते. रनटाइमकॅशिंगमध्ये जेएससाठी कॅशफर्स्ट लावले असेल तर हे एचटीएमएल जेएसच्या पत्त्याखाली साठवले जाते आणि तिथेच राहते. म्हणून ॲसेट्स फोल्डरसाठी वेगळा लोकेशन ब्लॉक करा आणि फाइल नसेल तर सरळ ४०४ द्या. मागच्या दोन-तीन बिल्डचे ॲसेट्स सर्व्हरवर राहू द्या, डिप्लॉयच्या वेळी फोल्डर पुसू नका. हॅशमुळे नावे एकमेकांना भिडत नाहीत. आणि वीट ‘प्रीलोडएरर’ नावाचा इव्हेंट विंडोवर देते, तो ऐकून पान एकदाच रीलोड करा. ‘एकदाच’ यासाठी सेशनस्टोरेजमध्ये खूण ठेवा, नाहीतर रीलोडचे चक्र सुरू होते.

फांदी
माझा एक मूलभूत प्रश्न. प्रॉम्प्ट मोडमध्ये पट्टी न दाखवता माणसाने स्वतःच पान रीफ्रेश केले, तर नवी आवृत्ती यायला हवी ना? ती येत नाही, असे का?

सूतगिरणी
@फांदी, या ठिकाणी जवळपास प्रत्येक जण अडतो. जुना वर्कर ज्या पानांना सांभाळतो ती सगळी बंद होईपर्यंत नवा थांबतो. रीफ्रेश करताना नव्या पानाचे उत्तर येईपर्यंत जुने पान जिवंतच असते, आणि ते उत्तरही जुना वर्करच देतो. मध्ये एकही क्षण असा येत नाही की जुन्याकडे कोणी नाही. एकच टॅब असला तरी हेच. टॅब बंद करून पुन्हा उघडा, किंवा स्किपवेटिंगचा संदेश पाठवा. अपडेटचे फंक्शन नेमके हा संदेशच पाठवते.

आणि ‘जनरेटएसडब्ल्यू’ (वर्करची फाइल आपोआप बनवणारा मार्ग) सोडून ‘इंजेक्टमॅनिफेस्ट’ वापरत असाल, म्हणजे सर्व्हिस वर्करची फाइल स्वतः लिहीत असाल, तर तो संदेश ऐकणारा लिसनर तुम्हालाच लिहायचा आहे. तो नसला तर बटण दाबले जाते आणि काहीच होत नाही, एररही येत नाही.

टाकसाळ
दिवसभर उघड्या टॅबचे उत्तर राहिले. नवा वर्कर आहे का हे ब्राउझर मुख्यतः खऱ्या नॅव्हिगेशनच्या वेळी तपासतो. सिंगल पेज ॲपमध्ये राउटर पत्ता बदलतो ते नॅव्हिगेशन नव्हे. त्यामुळे सकाळी उघडलेला टॅब संध्याकाळपर्यंत एकदाही तपासणी न करता राहू शकतो. नोंदणीच्या वेळी ऑनरजिस्टर्डएसडब्ल्यू कॉलबॅकमध्ये रजिस्ट्रेशन हाती येते, त्यावर दर तासाला अपडेट बोलवा. टॅब पुन्हा समोर आला की, म्हणजे व्हिजिबिलिटीचेंज इव्हेंटवरही, बोलवलेत तर फोनवर जास्त उपयोगी पडते, कारण मागे गेलेल्या टॅबचे टायमर मंदावतात.

मावळती
@दिवटी आणि @निरंक, दोघांचे म्हणणे एकत्र बसते. प्रॉम्प्ट मोड ठेवा, पण विचारायचे की नाही ते कोडने ठरवा. फॉर्म उघडा नसेल आणि अपलोड चालू नसेल तर ऑननीडरिफ्रेशमध्ये न विचारता अपडेट करा. फॉर्म उघडा असेल तर तो जमा होईपर्यंत थांबा. पट्टी फक्त त्यानंतरही अपडेट राहिले तरच. दुसऱ्या टॅबमध्ये फॉर्म उघडा आहे का तेही ब्रॉडकास्टचॅनेलवरून (टॅबना एकमेकांशी बोलण्याची सोय) विचारून घ्या, कारण स्किपवेटिंग एका टॅबने केले तरी वर्कर सगळ्या टॅबचा बदलतो.

दिवटी
@मावळती, हे पटले. बंद करता येणारी पट्टी हाच माझा आक्षेप होता.

खडीसाखर
टूलचे नाव वीट आहे, तेव्हा पाया आधी भक्कम करा :) पायाचा मुद्दा असा की सर्व्हिस वर्करच्या फाइलचे नाव आणि जागा पहिल्या रिलीजआधी ठरवून टाकावी आणि नंतर कधीही बदलू नये. नाव बदलले की जुन्या माणसाचे काय होते पाहा. जुना वर्कर त्याला कॅशमधले जुने इंडेक्स.एचटीएमएल देतो, ते जुन्याच फाइलची नोंदणी करते, ती फाइल सर्व्हरवर ४०४ देते, म्हणून अपडेट फसते आणि जुना वर्कर तसाच राहतो. हा माणूस नव्या आवृत्तीपर्यंत आपणहून पोहोचत नाही.

प्लगिन काढून टाकतानाही तेच. कॉन्फिगमधून ओळ पुसली म्हणजे लोकांच्या ब्राउझरमधला वर्कर पुसला जात नाही. प्लगिनमध्ये ‘सेल्फडिस्ट्रॉइंग’ हा पर्याय आहे. तो चालू केला की त्याच नावाने असा वर्कर तयार होतो जो स्वतःची नोंदणी रद्द करतो. ती फाइल बराच काळ सर्व्हरवर ठेवावी लागते, कारण तीन महिन्यांनी परत येणारा माणूसही असतो.

कळसूत्र
जोड देतो. सर्व्हिस वर्करची फाइल, इंडेक्स.एचटीएमएल आणि वेबमॅनिफेस्ट या तिघांना कॅशकंट्रोल ‘नोकॅश’ हेडर. हॅश असलेल्या ॲसेट्सना मॅक्सएज ३१५३६००० आणि ‘इम्म्यूटेबल’. आताचे ब्राउझर वर्करची मुख्य फाइल तपासताना स्वतःचा एचटीटीपी कॅश डीफॉल्टने टाळतात (क्रोम २०१८ मधल्या ६८ व्या आवृत्तीपासून), पण मधल्या सीडीएनला (फाइलींच्या प्रती ठेवून देणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याला) ते लागू नाही. सीडीएनने जुनी फाइल धरून ठेवली की ब्राउझरला बाइट-बाइट तीच दिसते आणि ‘बदल नाही’ असा निष्कर्ष निघतो.

पाणपोई
थोडे विषयांतर. ही अपडेटची डोकेदुखी सर्व्हिस वर्करपेक्षा जुनी आहे. त्याआधी ॲपकॅश (पाने ऑफलाइनसाठी साठवण्याची ब्राउझरची जुनी सोय) होता. त्यातही मॅनिफेस्ट फाइल बदलल्याशिवाय काहीच अपडेट होत नसे आणि मॅनिफेस्ट जोडलेले पान आपोआप साठवले जाई. फायरफॉक्सने तो ८४ व्या आवृत्तीत काढून टाकला. वेबपॅक या जुन्या बिल्ड टूलच्या काळातले ऑफलाइन-प्लगिन सर्व्हिस वर्कर आणि ॲपकॅश दोन्ही तयार करत असे, आता त्याची देखभाल होत नाही. क्रिएट रिॲक्ट ॲप या प्रकल्प उभारून देणाऱ्या साधनाने पहिल्या आवृत्तीत सर्व्हिस वर्कर सगळ्यांना न मागता दिला होता, २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो ऐच्छिक केला. न मागता मिळालेल्या कॅशमुळे लोक ‘डिप्लॉय केले पण दिसत नाही’ म्हणून हैराण होत. वेबपॅकवर असाल तर आजही वर्कबॉक्सचे स्वतःचे वेबपॅक प्लगिन वापरता येते. त्यातही जनरेटएसडब्ल्यू आणि इंजेक्टमॅनिफेस्ट हेच दोन मार्ग.

गोगलगाय
आता चौथा प्रश्न, कारण @उंबरठा यांच्या ॲपचा जीव तिथे आहे. फॉन्ट दिसला नाही तर चालेल, भरलेला फॉर्म हरवून चालणार नाही.

प्लगिनमध्ये सोय आहे: रनटाइमकॅशिंगच्या नियमात मेथड ‘पोस्ट’ (माहिती पाठवणारी विनंती), हँडलर ‘नेटवर्कओन्ली’ (फक्त नेटवर्क) आणि बॅकग्राउंडसिंकचा पर्याय. नेटवर्क नसताना फसलेली विनंती रांगेत जाते आणि नंतर पुन्हा पाठवली जाते. रांगेतली मुदत डीफॉल्टने ७ दिवस, हा आकडा मिनिटांत द्यायचा असतो. सफारी आणि फायरफॉक्समध्ये बॅकग्राउंड सिंक एपीआय नाही, तिथे वर्कबॉक्स वर्कर पुढच्या वेळी सुरू होईल तेव्हा पाठवायचा प्रयत्न करते.

पण पाहणीच्या फॉर्मसाठी ही सोय पुरेशी नाही. रांग ‘पोहोचले’ कशाला म्हणते ते बघा. फेच फसला नाही म्हणजे पोहोचले. सर्व्हरने ५०० (सर्व्हरमधली चूक) दिले तरी फेचच्या दृष्टीने उत्तर आलेले असते. तीन दिवसांनी विनंती पुन्हा गेली, तोवर टोकन (लॉगिनचा पुरावा) संपले होते, सर्व्हरने ४०१ (‘लॉगिन नाही’) दिले, आणि विनंती रांगेतून काढली गेली. फॉर्म गेला, आणि कोणालाच कळले नाही.

त्यापेक्षा स्वतःची पाठवणीची पेटी ठेवा:

फॉर्म जमा करताना नेट असो वा नसो, नोंद आधी इंडेक्स्डडीबीमध्ये लिहायची. नोंदीला क्लायंटवरच तयार केलेला यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) द्यायचा. मग पाठवणारे फंक्शन पेटीतल्या नोंदी एकेक करून पाठवते. सर्व्हरने २०० किंवा २०१ दिले तरच नोंद ‘पोहोचली’ अशी खूण करायची. ४०१ आले तर थांबून पुन्हा लॉगिन मागायचे, नोंद पेटीतच. ४२२ (माहिती चुकीची) सारखी चूक आली तर ‘दुरुस्ती हवी’ म्हणून माणसाला दाखवायची. सर्व्हरने तोच यूयूआयडी दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता आधीचेच उत्तर द्यायचे, कारण नोंद पोहोचली पण उत्तर वाटेत हरवले असे कमकुवत रेंजमध्ये सतत होते. आणि पडद्यावर ‘३ फॉर्म पाठवायचे बाकी’ असा आकडा कायम दिसू द्या.

नॅव्हिगेटर.ऑनलाइनवर विसंबू नका. वायफायला जोडलेले आहे एवढेच ते सांगते, पुढे इंटरनेट आहे का ते नाही. ऑनलाइन इव्हेंट हा प्रयत्न करून पाहण्याचा इशारा समजा.

फांदी
@गोगलगाय, +१. ४०१ चा मुद्दा तर धडकी भरवणारा आहे.

मावळती
इंडेक्स्डडीबीची आवृत्ती वाढवताना जुना टॅब उघडा असेल तर नव्या टॅबचे उघडणे ‘ब्लॉक्ड’ होऊन बसते. प्रत्येक कनेक्शनवर व्हर्जनचेंज इव्हेंट ऐकून कनेक्शन बंद करा.

दिवटी
आणि आयफोन वापरणारे असतील तर साठवणुकीचा नियम लक्षात ठेवा. सफारीत २०२० पासून अशी मर्यादा आहे की ब्राउझर वापरात असताना ७ दिवस त्या साइटशी काहीच संबंध आला नाही तर कोडने लिहिलेला साठा पुसला जातो. इंडेक्स्डडीबी आणि सर्व्हिस वर्करची नोंदणी दोन्ही त्यात आले. होम स्क्रीनवर जोडलेल्या ॲपला ही मर्यादा तशी लागत नाही. म्हणून न पाठवलेले फॉर्म ठेवणाऱ्या ॲपने आयफोनवर होम स्क्रीनवर जोडण्याची सूचना ठळक द्यावी. इतरत्र नॅव्हिगेटर.स्टोरेज.पर्सिस्ट (साठा आपोआप पुसू नये ही परवानगी) मागून घ्या, आणि एस्टिमेटने किती जागा उरली ते बघत राहा.

खडीसाखर
प्रीकॅशमध्ये सगळे कोंबू नका हेही सांगायला हवे. इन्स्टॉल ‘सगळे किंवा काहीच नाही’ असे चालते. यादीतली एक फाइल जरी ४०४ झाली तरी पूर्ण इन्स्टॉल फसते, कन्सोलमध्ये ‘बॅड-प्रीकॅशिंग-रिस्पॉन्स’ दिसते. नेहमीचे कारण म्हणजे होस्टिंगच्या स्वतःच्या कॉन्फिगची फाइल बिल्ड फोल्डरमध्ये असते, ग्लोबमध्ये सापडते, पण होस्टिंग ती बाहेर देत नाही. अशा फाइल ‘ग्लोबइग्नोर्स’मध्ये टाका. रनटाइमला बदलणारी कॉन्फिग जेसनही प्रीकॅशमध्ये घेऊ नका.

दुसरे: एका फाइलची मर्यादा डीफॉल्टने २ एमआयबी. मोठी फाइल यादीतून वगळली जाते. प्लगिनच्या जुन्या आवृत्तींत फक्त इशारा येई, नव्यांत बिल्डच थांबते. मर्यादा वाढवण्याआधी बंडल फोडता येते का ते पाहा.

उंबरठा
सर्वांचे मनापासून आभार. आता असे केले आहे: ग्लोबपॅटर्न्समध्ये एसव्हीजी आणि वॉफ२, फॉन्ट प्रकल्पातच. परतीचा मार्ग डिनायलिस्टमध्ये, डॉलर चिन्हाशिवाय. प्रॉम्प्ट मोड आणि @मावळती यांचा ‘फॉर्म उघडा असेल तर थांबा’ हा नियम. दर तासाला आणि टॅब समोर आल्यावर तपासणी. पाठवणीची पेटी इंडेक्स्डडीबीमध्ये.

एकच अडचण उरली. रनटाइमकॅशिंगमध्ये यूआरएलपॅटर्न म्हणून फंक्शन दिले आहे, त्यात एपीआयचा पत्ता कॉन्फिगमधल्या व्हेरिएबलमधून घेतो. बिल्ड नीट होते, पण ब्राउझरमध्ये ते व्हेरिएबल डिफाइन्ड नाही अशी एरर येते.

टाकसाळ
जनरेटएसडब्ल्यू ते फंक्शन मजकूर म्हणून वर्करच्या फाइलमध्ये उतरवते, बाहेरची व्हेरिएबल्स सोबत जात नाहीत. पत्ता फंक्शनच्या आतच लिहा, किंवा त्या व्हेरिएबलवरून रेगेक्स तयार करून तो द्या. रेगेक्स तयार मूल्य म्हणून उतरतो. एपीआय दुसऱ्या डोमेनवर असेल तर तो पत्त्याच्या सुरुवातीपासून जुळवा, वर सांगितल्याप्रमाणे.

सूतगिरणी
आणि तो नियम नेटवर्कफर्स्ट असेल तर नेटवर्कटाइमआउटसेकंद्‌स ३ ते ५ द्या. रेंज पूर्ण गेली तर कॅश लगेच मिळतो, पण एक कांडी रेंज असताना विनंती लटकून राहते आणि पडदा कोरा दिसतो. लॉगआउटच्या वेळी हा कॅश नावाने पुसा, नाहीतर त्याच फोनवर दुसऱ्याने लॉगिन केले आणि रेंज गेली की आधीच्या माणसाची यादी दिसेल.

उंबरठा
रेगेक्सने चालले. लॉगआउटला कॅश पुसण्याचे राहिलेच होते, ते आता जोडतो. डेव्ह सर्व्हरवर हे सगळे तपासता येईल ना?

कळसूत्र
त्यावर भरवसा ठेवू नका. बिल्ड करून प्रीव्ह्यू चालवा, तो डीफॉल्टने लोकलहोस्टच्या ४१७३ पोर्टवर येतो. सर्व्हिस वर्करला एचटीटीपीएस लागते, लोकलहोस्टला सूट आहे. पण त्याच पोर्टवर आधी दुसरा प्रकल्प चालवला असेल तर त्याचा वर्कर तिथे अजून बसलेला असतो, आधी डेव्हटूल्सच्या ॲप्लिकेशन टॅबमधून त्याची नोंदणी रद्द करा. तिथले ‘अपडेट ऑन रीलोड’ बंद ठेवूनच अपडेटची चाचणी घ्या. ते चालू असले की नवा वर्कर दर रीलोडला न थांबता ताबा घेतो आणि तुमची पट्टी कधीच दिसत नाही.